माप

साडेचारला गजर होतो,
त्याच्या आधी टाच उठलेली असते.
पहिलं पाऊल फरशीवर टेकलं
की खिळा.
दुसरं पाऊल भिंतीला धरून.
चहाला आधण येईपर्यंत मी ओट्यापाशी
बगळ्यासारखी एका पायावर.

रुईची पानं झाली, तापलेली वीट झाली,
बर्फाची बाटली तळव्याखाली लाटून झाली.
डेपोचे डॉक्टर म्हणाले, उभं राहणं कमी करा.
म्हटलं, साहेब, तसं चिठ्ठीवर लिहून द्या,
कात्रज ते शिवाजीनगर ती चिठ्ठीच
तिकिटं काढत जाईल.

शेवटी ड्रायव्हर लोणकरांनी पत्ता दिला.
रास्ता पेठ, पॉवर हाऊसमागची गल्ली,
सातपुते. पाटी नाही.
दारात लाकडी पावलांची जोडी टांगलीय, तेच.

आत कपाटभर पाय.
प्लास्टरचे, पांढरे, घोट्यापाशी संपलेले,
तळव्यांवर पेन्सिलीनं नावं:
मिस्त्री. तांबोळी. नगरकर आजी.
एकावर नुसतंच, "भरतनाट्यम, डावा".

सातपुत्यांनी आधी माझे बूट उलटे करून पाहिले,
हात बघतात तसे.
"डावी टाच बाहेरून झिजलीय, उजवा चवडा आतून.
चालत्या गाडीत उभ्या असता तुम्ही.
दाराकडे तोंड करून."
मी त्या दिवशी साडीत होते. बिल्ला घरी.

मग फोमचं खोकं पुढं सरकवलं,
ओल्या वाळूसारखं, पण कोरडं.
"नुसतं उभ्या राहा. काही धरू नका."
काही न धरता उभी राहिले
आणि हात आपोआप वर गेला, दांडी शोधत.

पाय उचलून पाहिलं:
सपाट. पोळपाटावर लाटल्यासारखा.
कमान म्हणतात ती नव्हतीच.

तेव्हा पेटीतलं कापड आठवलं.
माप ओलांडून आत आले त्या दिवशी
सासूबाईंनी कुंकवाच्या परातीत पाय बुडवायला लावले,
पांढऱ्या मांजरपाटावरून चालवलं, पाच पावलं.
पुढच्या सुट्टीला ते पिशवीत घालून नेलं.

सातपुत्यांनी हात धुतले, मग घडी उलगडली.
बोटं. चवडा. मग मोकळी जागा.
मग टाच, लांब, एकटी, लिंबाएवढी.
"इथून मुंगी गेली असती," ते म्हणाले.

मी विचारलं, या मापाचं करता येईल?

ते कापडच बघत राहिले.
"ही पोरगी कुठं कामाला होती?"
"कुठंच नाही."
"मग हिचं माप घेऊन काय करू.
दुखतंय तुम्हाला."
आणि होती त्याच घडीवर घडी घातली.

कॉर्क घासता घासता एकदा बोलले,
"वडील वहाणा करायचे माझे.
पायातली वहाण पायातच बरी,
असं त्यांना तोंडावर ऐकवून जायचे लोक.
ते मान डोलवायचे. माप मात्र नीट घ्यायचे."
पुढं काही बोलले नाहीत. मशीन सुरू केलं.

दोन हजार सहाशे, दोन हप्त्यांत.
"पहिले आठ दिवस शिव्या द्याल मला."
दिल्या. पद्मावतीच्या स्टॉपवर तर मोठ्यानं,
एका प्रवाशानं घाबरून सुट्टे पैसे काढले.

नवव्या दिवशी बालाजीनगरला रिक्षा आडवी आली,
लोणकरांनी ब्रेक मारला,
अख्खी गाडी पुढं गेली आणि मी जागेवर.
खिळा होता. पण लांब,
शेजारच्या घरात कुणी तसबीर लावत असावं तसा.

आमच्याकडं दाराशी ज्या चपला दिसतील
त्यात जो तो पाय सरकवतो.
टॉवेल एक, चार्जर एक,
माझी पर्ससुद्धा माझी नाही.
बुटातले हे दोन तळ मी रात्री काढून
खिडकीत वाळत ठेवते.
काल नेत्रानं गंमत म्हणून आपल्या बुटात घातले,
दोन पावलं टाकली आणि ओरडली,
"आई, टोचतंय गं! मध्येच उंचवटा आहे."

असणारच, मी म्हटलं.
काढ.